मोहगावचं ‘मंग?’

तारा नवऱ्याला मफलर द्यायला निघाली होती, एवढंच.

चंपतराव ही गोष्ट दर वेळी इथूनच सुरू करतात. रविवारचा टीव्हीवरचा सिनेमा ऐन शेवटाला येतो, वीज जाते, आणि प्रताप नगरातल्या त्यांच्या घरची पोरं चरफडत गच्चीवर येतात. सतरंजीवर पडल्या पडल्या भांडण जुंपतं, शेवटी काय झालं असेल. मग काळोखातून अडकित्त्याचा आवाज येतो.

"आपल्या मनानं शेवट नका लावू गा," चंपतराव म्हणतात.

"काहून, काका?" त्यांची पुतणी प्रेमिला विचारते. तिला कारण ठाऊक असतं. तरी विचारते.

"माझ्यावर नाही बेतलं. तुझ्या तारा आत्यावर बेतलं. पण कानानं मी तथीच होतो."

साल एकोणीसशे त्र्याहत्तर. नोव्हेंबरची चोवीस तारीख, शनिवार, कार्तिकातली अमावस्या. खैरी हे नागपूरजवळच्या कुहीपलीकडचं, छोट्या लाइनीवरचं स्टेशन. एक ऑफिस, एक तिकिटाची खिडकी, फलाट म्हणायचा तर मुरमाचा ओटा, आणि मागे वीस पावलांवर क्वार्टर. चहूकडे कापलेल्या धानाची रिकामी बांधी. ताराचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. नवरा गिरिधर असिस्टंट स्टेशन मास्तर, कायमचा रातपाळीला. संध्याकाळपासून खोकत होता, आणि मफलर खुंटीवरच विसरून गेला होता. दीड वाजता तिला जाग आली, खुंटीवर मफलर दिसला, ती उठली, कंदील लावला. यात भिण्यासारखं काही नव्हतं, असं चंपतराव दोनदा सांगतात.

आता त्या फोनचं सांगायला हवं.

तेव्हा त्या लाइनीवरची सगळी स्टेशनं एकाच तारेवर होती. एकानं फोन उचलला की बोलणं सगळ्यांना ऐकू जाई. दिवसा त्यावर गाड्यांचं बोलणं चाले. रात्री सव्वाची मालगाडी गेली की चारपर्यंत तार मोकळी. मग चार जण आपापल्या कंदिलाशी बसून कानाला फोन लावत. खैरीचा गिरिधर, मोहगावचा कवडू, भिवरीचा देवाजी आणि वडेगावचे चंपतराव. ताराचं स्थळ जमेपर्यंत एकमेकांची तोंडं पाहिली नव्हती. पण कोणाची म्हैस आटली, कोणाच्या बायकोनं माहेरी किती दिवस लावले, कोणाला पोह्यात शेंगदाणे चालत नाहीत, सगळं पाठ.

चंपतरावांनी बहीण दिली तीसुद्धा आवाजावर. नागपूरच्या महाल भागातल्या घरी मुलगा पाहायला आला, तेव्हा चंपतरावांना काही केल्या ओळख पटेना. त्यानं तोंड उघडून "नमस्कार" म्हटलं आणि चंपतराव "अरे, गिरिधर!" करून त्याच्या गळ्यात पडले. पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभ्या राहिलेल्या ताराला प्रश्न पडला, लग्न नक्की कोणाचं जमतंय.

गिरिधर सुटीच्या दिवशी नागपूरला जायचा, सीताबर्डीच्या टॉकीजमध्ये सहाचा खेळ बघायचा आणि आठवडाभर तोच सिनेमा तारेवर सांगायचा. गाणी म्हणायचा, घोड्यांच्या टापा टेबलावर वाजवायचा, खलनायकाचं बोलणं आलं की रिसिव्हरवर रुमाल धरायचा. ऐकणाऱ्यांनी मधूनमधून हूं करायचं, हा नियम. नाहीतर माणूस झोपला की जागा, कळणार कसं? देवाजी हूं करी, चंपतराव हूं करीत. कवडू मात्र कधी हूं म्हणाला नाही. तो म्हणायचा, "मंग?" मोहगाव तसं शेजारचं, सात मैलांवर, पण तिथला फोन जुनाट, आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा यायचा. आणि सगळ्यात जास्त घाई त्यालाच.

गिरिधरचं एक गुपित होतं. खेळ सुटायचा नवाला, आणि परतीची शेवटची गाडी निघायची पावणेनऊला. दोन वर्षांत त्यानं एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. शेवट तो मनानं लावायचा.

ताराचंही एक होतं. लग्नाआधी ती शेजारच्या नीलाबरोबर शिवणक्लासला म्हणून निघायची आणि मॅटिनीला जाऊन बसायची. चंपतरावांना कळलं असतं तर तंगडं मोडलं असतं. म्हणून ती सासरीही या बाबतीत गप्प. रात्री क्वार्टरच्या खिडकीतून नवऱ्याचा आवाज यायचा, त्याचे शेवट ऐकून तिला उशीत तोंड खुपसून हसायला यायचं. प्रत्येक सिनेमात सगळ्यांचीच लग्नं होत.

त्या दिवाळीनंतर गिरिधरनं जो सिनेमा सांगायला घेतला, तो तिनं तीनदा पाहिलेला होता. नावाड्याची एक पोर. तिला शब्द देऊन शिपाई लढाईवर जातो. तो गेल्याची तार येते. वर्षानं पोरीचं दुसरीकडे लग्न ठरतं. हळदीच्या रात्री नदीला पूर, आणि पलीकडच्या काठावरून शिपायाच्या आवाजात हाक येते, नाव आण… इथवर पाहून गिरिधर गाडी पकडायला पळाला होता.

बारा तारखेच्या रात्री गोष्ट त्या हाकेपाशी आली. कवडूला ताप होता.

"गिरिधरभाऊ, आज शेवट सांगूनच टाक गा. आंग फणफणून राहिलं. उद्याचं काई खरं नाही."

गिरिधरला शेवट सुचला नव्हता. "उद्या," तो म्हणाला. "असा घाईचा शेवट सांगण्यात मजा नाही."

"आज सांग."

"उद्या म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी कवडू गेला. ताप डोक्यात गेला, म्हणाले.

नवा माणूस येईपर्यंत मोहगाव रात्रीचं बंद राहू लागलं. ऑफिसला कुलूप, आणि किल्ली संध्याकाळच्या गाडीनं भिवरीला देवाजीच्या खुंटीवर.

तेरा तारखेच्या रात्री तिघं तारेवर आले, पण बोलेना कोणी. शेवटी गिरिधर म्हणाला, "कवडूच्या नावानं आज शेवट सांगतो." आणि सांगितला. मारामारी, वादळ, मग लग्न. देवाजीनं हूं केलं. चंपतरावांनी हूं केलं.

"मंग?"

देवाजीनं फोन ठेवला, तो पुन्हा रात्रीचा उचललाच नाही. चंपतराव तीन रात्री टिकले. "लपवून का करू? भेलो मी," ते सांगतात. "सख्खा मेहुणा तथी एकटा, आन् मी फोन खाली ठेवून रामराम म्हणत बसलो."

गिरिधरला ती सोय नव्हती. घंटी खैरीची वाजे, आणि आपली घंटी वाजली की फोन घेणं ही ड्यूटी. रोज रात्री पावणेदोनला घंटी वाजे. रोज तो नवा शेवट सांगे. शिपाई बुडाला. पोरगी बुडाली. नवरदेवानंच नाव नेली. दर वेळी थोडी शांतता, आणि मग तेच. "मंग?" आणि रोज तो आवाज विहिरीतून जरा वर आलेला.

ताराला यातलं काहीही माहीत नव्हतं. आता रात्री ऑफिसचं दार-खिडकी लावलेली असे, आणि आवाज बाहेर येत नसे. तिला दिसत होतं ते एवढंच, की नवरा वाळत चाललाय. जेवताना घास हातात धरून बसतो. गाणं म्हणत नाही. रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन धोंडबा, जो फलाटावर घोंगडं पांघरून घोरायचा, तो आठवड्यापासून दूर केबिनमध्ये झोपायला जातो. तिनं एकदा विचारलं, "तुम्हाले का होऊन राहिलं?" तर गिरिधर म्हणाला, "काई नाही वं. थंडी बाधली."

ती थंडी मनात धरूनच ती मफलर घेऊन निघाली होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. गिरिधर खुर्चीत बसला होता. कानाला फोन, डोळे मिटलेले. बाहेर दव पडत होतं आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

"…आन् मंग ती पोरगी पुरात उडी घेते, आन् देवी प्रगट होऊन तिले झेलते… संपलं. कवडू, संपलं गा. बाराव्यांदा सांगून राहिलो. खरंच संपलं."

तारा दारातच थांबली.

फोनमधून आवाज आला. दारापर्यंत ऐकू येईल इतका स्वच्छ.

"नाही."

मग जरा वेळानं, "तुले ठाऊकच नाही."

गिरिधरनं डोळे उघडले.

"आन् इथून आयकू बी नीट येत नाही. मी येतो तिकडं."

खट्.

तारानं कंदील खाली ठेवला. "कोण होतं?"

"कवडू."

"ते तर…"

"हो."

मग त्यानं सगळं सांगितलं, भराभरा, चोरी कबूल केल्यासारखं. सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही, कधीच नाही, हेही सांगितलं. कवडूला उद्या म्हटलं होतं, हेही. "उद्या त्याचं तेरावं," तो म्हणाला. "आज त्याले पाह्यजेच."

ते तेरावं चंपतरावांनाही आठवत होतं. वडेगावला त्यांना बसवेना. इतक्या रात्रींनी त्यांनी फोन उचलून कानाला लावला. गिरिधरनं रिसिव्हर टेबलावर तसाच टाकला होता, त्यामुळे खैरीच्या ऑफिसातलं बोलणं त्यांना पुसट ऐकू येत होतं. आणि मग तार बसली.

त्या तारेचं असं होतं की कुठंही कोणी फोन उचलला की सगळ्यांचा आवाज थोडा बसायचा. सवयीच्या कानाला कळायचं. देवाजी असेल, चंपतरावांना वाटलं. मग श्वास ऐकू आला. चालून दमलेल्या माणसाचा.

"फाटकापाशी आलो."

फाटक मोहगावपासून चार मैल. तिथं एक खोपटं होतं आणि खोपटात एक फोन. रात्री फाटकवाला नसायचा. चार मैल चालायला तास-सव्वा तास लागतो. दहा मिनिटंही झाली नव्हती.

गिरिधर उठला. भिंतीवरचा हातबत्ती-कंदील काढला.

"कोठी चालले?"

"त्याच्याकडं. रुळावरच गाठतो. त्याले माझ्याशी काम आहे. तो इथं, तुझ्यापाशी कायले येऊ देऊ?"

"आन् गाठून सांगणार का?"

तरी तो दाराकडे निघाला. हा गेला तर परत यायचा नाही, एवढं ताराला लख्ख कळलं. ती दारात आडवी उभी राहिली.

"थांबा. मले माहीत आहे शेवट."

"तुले?"

"मी पाह्यला तो सिनेमा. तीनदा."

टेबलावर पडलेल्या फोनमधून आवाज आला, "तारा? काहून वं, तू तथी का करून राहिली?"

दादा. तिचा हात क्षणभर अडला. मग तिनं नवऱ्याला खुर्चीत बसवलं, दाराला आतून कडी घातली, आणि फोन उचलला. दादाला उत्तर दिलं नाही.

"कवडू भाऊजी," ती म्हणाली. "मी तारा. गिरिधरची बायको. शेवट मी सांगते."

फोनमध्ये काहीच नाही.

"पलीकडच्या काठावरून शिपाई हाक मारते. नाव आण. एकदा. दोनदा. मांडवात सगळे आयकतात. कोणीच बोलत नाही."

बाहेर मुरूम वाजला.

"तिसऱ्या हाकेला पोरगी उठते. आंगाले हळद. आई हात धरते. ती सोडवते."

पावलं. फलाटावर. सावकाश.

गिरिधरनं तोंडावर हात दाबून धरला.

"घाटावर येते. नाव सोडते. पाऊस. वल्हं हातात राहत नाही…"

पावलं थांबली.

तिकिटाची खिडकी त्यांच्यापासून चार हातांवर. लाकडी फळी लावलेली. खालून बोटभर फट.

"मंग?"

फोनमधून नव्हतं ते.

तारानं फोन टेबलावर ठेवला. तोंड खिडकीकडे वळवलं. आवाज तसाच ठेवला, पोराला निजवताना ठेवतात तसा.

"मंग ती मधोमध जाते. वीज चमकते. काठ दिसते."

"मंग?"

"पुन्हा हाक येते. अगदी जवळून."

"मंग?"

"नाव काठाले लागते. ती उतरते."

"मंग?"

तारा थांबली. पुढचं तिला पाठ होतं. तीनदा पाहिलं होतं, तिन्ही वेळा नीला आणि ती, दोघींनी पदर ओले केले होते. पण आता ते वाक्य ओठांवर आलं तेव्हा तिला कळलं की आपण कोणाला काय सांगतोय.

खिडकीच्या फळीला बाहेरून काहीतरी टेकलं. हलकेच.

"काठावर…" ती म्हणाली. "काठावर कोणीच नाही."

…

"ती हाका मारते. कोणीच नाही. नुसतं पाणी. तो तर केव्हाचाच गेलेला असते. आवाज तेवढा राह्यला असते मागं."

…

"मंग ती पुन्हा नावेत बसते. एकटी. परत येते. उजाडते." तिनं श्वास घेतला. "संपलं, भाऊजी. एवढंच आहे. पडदा पडते."

कंदिलाची वात फडफडली. सरळ झाली.

किती वेळ गेला, तिला सांगता यायचं नाही. वडेगावला चंपतराव फोन इतका दाबून बसले होते की कान दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होता. त्यांना फक्त तारा ऐकू येत होती. ती मधूनमधून थांबत होती, आणि कोणासाठी थांबत होती ते तारेवर येत नव्हतं.

मग खिडकीतून आलं.

"हूं."

बस्स, एवढंच. मुरूम वाजला नाही. पावलं गेल्याचं ऐकू आलं नाही. चारच्या गाडीची घंटी झाली तेव्हा गिरिधर उठला, कडी काढली आणि कंदील घेऊन गाडीला सामोरा गेला. गाडी गेली. परत येऊन खुर्चीत बसला, आणि बारा रात्रींनंतर पहिल्यांदा गाढ झोपला. तारानं त्याच्या गळ्याशी मफलर गुंडाळला.

चंपतराव सकाळच्या पहिल्या गाडीनं खैरीला उतरले. मॅटिनीचा विषय त्यांनी काढला नाही. आजवर काढलेला नाही. बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. मेहुणा टेबलावर डोकं टेकून घोरत होता, त्याला उठवलं नाही. मग बाहेर येऊन फलाटावरून चालत ते तिकिटाच्या खिडकीपाशी गेले.

धुकं होतं. तिकीट घ्यायला अजून कोणी आलेलं नव्हतं. खिडकीबाहेर हात टेकायला एक शहाबादी दगड बसवलेला. रात्रभराच्या दवानं तो काळाभोर, ओलागच्च. पण त्यावर दोन ठिकाणं कोरडी होती. रुपयाएवढी गोल. बराच वेळ कोपरं टेकून, वाकून, कोणी काही ऐकत उभं राहावं, तशी.

"आन् त्याच्या बाजूले," चंपतराव इथं अडकित्ता खाली ठेवतात, "आणखी दोन."

पोरं सतरंजीवर जवळ सरकतात.

"दुसरा कोण होता, काका?" प्रेमिला हळूच विचारते.

"मले का माहीत?" चंपतराव म्हणतात. अडकित्ता पुन्हा उचलतात. "त्यानं तर नुसता शेवटच आयकला. आधीचं सारं त्याचं आयकाचं राह्यलं."